सूचौच्या बागेला मिळालेला एक तारा : आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर, दोन्ही वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. नोव्हेंबरच्या चीन सहलीत आम्ही शांघायहून एका दिवसासाठी सूचौला नेतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतो. तिथल्या च्वोचंग युआन, म्हणजे ‘विनम्र प्रशासकाची बाग’, या बागेबद्दल काका लिहितात, ‘फूल एक नाही. तळ्यात सडकी पानं, भोकं पडलेले दगड, जत्रेसारखी गर्दी आणि पन्नास मिनिटांत बाहेर. लांबून दाखवलेल्या मनोऱ्याजवळ नेलंच नाही. यापेक्षा सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान बरं.’

आधी आमच्या चुका. माहितीपत्रकावरचा गुलाबी कमळांचा फोटो जुलैतला होता. तिथलं कमळ जून ते ऑगस्टमध्ये फुलतं. नोव्हेंबरच्या सहलीला तो फोटो वापरणं म्हणजे फसवणूकच, मुद्दाम केली नसली तरी. दुसरं म्हणजे शनिवार. शुक्रवारची रेल्वेची तिकिटं वीस जणांना एकत्र मिळेनात, म्हणून मी दिवस बदलला आणि शनिवारी तिथे काय गर्दी असते हे माहीत असूनही तुम्हाला बोलले नाही. जवळजवळ तेरा एकरांची बाग पन्नास मिनिटांत होत नाही. गाईडने सनावळ्या म्हटल्या, झेंडा उंच धरला आणि निघाला. जुन्या दालनांचे उंबरे केवढे उंच असतात हेही आधी सांगायला हवं होतं; काकूंच्या गुडघ्याचं तुम्ही नाव नोंदवतानाच कानावर घातलं होतं. सूचौच्या दिवसाचे पैसे विसाही जणांना परत करतोय.

सडक्या पानांबद्दल मात्र माफी मागणार नाही.

ती पानं कुणी साफ करायची विसरलेलं नाही. नवव्या शतकातल्या ली शांगयिन या कवीची एक ओळ आहे, तिचा भाव असा की वाळलेली कमळं राहू द्यावीत, म्हणजे पावसाचा आवाज ऐकता येतो. त्या ओळीवरून या बागेतल्या एका दालनाचं नाव पडलंय, ‘ऐकण्यासाठी ठेवलेलं’. दालन पाण्याकाठी आहे आणि तुम्ही त्याच्या पायरीवर बसून संत्र सोललंत. गाईडने हे एक वाक्य सांगितलं असतं तर निदान त्या पानांकडे दुसऱ्यांदा पाहिलं असतंत. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, त्याला माझा इलाज नव्हता.

‘विनम्र प्रशासकाची बाग म्हणे, प्रशासक कुठे दिसला नाही’ हा टोमणा मला आवडला. ते नाव इंग्रजीवरून आलेलं आहे आणि मुळातला तिरकसपणा त्यात उरत नाही. वांग शिएनछन हा मिंग राजघराण्याच्या दरबारातला अधिकारी. वरच्यांशी बिनसलं, शिक्षा झाली, पदावरून खाली आणलं, आणि शेवटी १५०९च्या सुमारास तो गावी येऊन बाग करायला लागला. नाव त्याने एका जुन्या रचनेतून उचललं. तिथे म्हटलंय की बागेला पाणी घालावं, भाजी विकावी, बावळट माणसाचं राज्यकारभार करणं ते हेच. त्याचा मित्र, चित्रकार वन चंगमिंग, याने १५३३मध्ये बागेतल्या ३१ जागांची चित्रं काढली. पुढे वांगच्या मुलाने एका रात्रीत जुगारात बाग घालवली असं सांगतात. सदाशिव पेठेत ऐकायला मिळाव्यात अशाच गोष्टी आहेत या.

आता मनोरा. तो बागेत नाहीच. बाहेर, किलोमीटरभर लांब, ‘उत्तर मंदिर’ नावाच्या मंदिराचा आहे. झाडांची रांग आणि तळं असं राखलंय की तो आपल्याच आवारात उभा आहे असं वाटावं. तिथले लोक याला दृश्य उसनं घेणं म्हणतात. जवळ नेलं असतं तर मजाच गेली असती.

दगड सूचौजवळच्या थाई नावाच्या सरोवरातले, पाण्याने झिजून भोकं पडलेले. बारीक अंग, सुरकुत्या, आरपार छिद्रं यांवर त्यांची पारख होते. हे कुणाला आवडतं, कुणाला नाही. मलाही पहिल्या खेपेला दात किडल्यासारखे वाटले होते.

पु. ल. देशपांडे उद्यानाची तुलना मात्र जुळत नाही. ते जपानी धर्तीचं, ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेलं; मोकळं, हिरवळीचं. सूचौची बाग म्हणजे कुणाचं तरी घर. आपल्या वाड्यासारखं : रस्त्यावरून नुसती भिंत, आत शिरलं की चौकामागून चौक. वाकडा पूलही त्यासाठीच, प्रत्येक वळणावर समोरचं चित्र बदलतं. पाठीमागून शंभर माणसं ढकलत असताना यातलं काही जाणवत नाही, हे कबूल.

एक दुरुस्ती. गाईड ‘पळून गेला’ असं तुम्ही लिहिलंय, तसं नव्हतं. शेजारच्या संग्रहालयाच्या दाराशी तो चाळीस मिनिटं उभा होता, तुम्ही दुसऱ्या दाराने बाहेर पडलात.

पुढच्या तुकडीपासून मधल्या वारी, दार उघडताच आत जाणार, अडीच तास. सोबत वांगश युआन ही छोटी बाग, दीड एकरही नाही. मला स्वतःला तीच जास्त आवडते.

सहलीत म्हणालात की मे महिन्यात लेकीकडे न्यू जर्सीला जाताय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये वांगश युआनमधल्याच एका चौकावरून बांधलेला चौक आहे. सूचौहून आलेल्या २७ कारागिरांनी उभारला, १९८१ला खुला झाला. शनिवार टाळा आणि काकूंनाही न्या. बँकेचा तपशील तेवढा माझ्या नंबरवर पाठवा, इथे लिहू नका.