तो आळस नव्हता

सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराच्या, सुरुवातीला मुलं आळशी वाटू लागतात, हे एका लेखातलं वाक्य वाचलं आणि धाकटा भाऊ डोळ्यांपुढे आला. भांडुपला दोन खोल्यांत आम्ही पाच जणं. रोज लोकलला लटकून कॉलेजला जाणारा हा मुलगा आंघोळीलाही उठेना. कानात येणारे आवाज गोळ्यांनी थांबले, उमेद मात्र परतली नाही. बाबा म्हणायचे, "अरे, जरा मनावर घे!"

मनावर घेण्याची ताकदच आजारानं खाल्लेली असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पुढ्यात वडापाव आला की तो आवडीनं खायचा, पण आणायला जिना उतरायचा नाही. पुढे काहीतरी छान मिळेल, ही ओढच मेंदूत मंदावते. त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा असतो. भासांवरची औषधं यावर फारशी चालत नाहीत, कधी डोसामुळे मरगळ वाढतेही. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, गोळ्या परस्पर बंद करू नका.

आम्ही त्याला कुंडीला पाणी घालण्यासारखं छोटं काम देण्यापासून सुरुवात केली. चार महिन्यांनी एका सकाळी तो म्हणाला, "ताई, दूध मी आणतो." आई ओट्याशी उभी राहून रडली.

कुणाच्या घरी असं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.