तांबड्या रश्शाला तांबडी वाईन?

काल रंकाळ्याच्या कट्ट्यावर साडेआठपासून दहापर्यंत एकच विषय चालला, आणि तो माझ्यामुळं. रविवारी पैलवानाच्या गच्चीवर मटणाचा बेत होता. नाशिकहून आणलेली शिराझची, म्हणजे शिराझ द्राक्षाच्या तांबड्या वाईनची, बाटली मी तिथं उघडली. पैलवानानं तांबड्या रश्शाचा भुरका मारला, वर वाईनचा घोट घेतला आणि तोंडच फिरवलं. तेव्हापासून त्याचं पालुपद सुरू आहे, "आपल्या जेवणावर चालणारी चीज न्हवं ही. रस्सा बी गेला, वाईन बी गेली."

माझं म्हणणं, दोन्ही चांगली होती, जोडी चुकली.

"रंगाला रंग तर जुळला की," मास्तर म्हणाले. रंगावरच तर सगळे फसतात. मिरचीचा जाळ जिभेवरच्या ज्या नसा ओळखतात, त्यांनाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. शिराझमध्ये ते साधारण १३-१४ टक्के असतं. म्हणजे कांदा-लसूण चटणीनं पोळलेल्या तोंडात तिचा घोट विझवत नाही, पेटवतो. त्यात टॅनिनचा, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याचा, तुरटपणा. रेड वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळं रंगाबरोबर तुरटपणाही सालीतून येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जीभ खरखरीत होते, जांभळं खाल्ल्यावर होते तशी.

"आमच्या द्राक्षाला कुठं असतोय रं तुरटपणा?" तासगावचा दोस्त मध्येच बोलला. बरोबर आहे, त्याच्या घरची बाग खायच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षाची. थॉमसन या त्याच्या जातीला बी नाही, साल पातळ. शिराझ, कॅबरने ही बारक्या मण्यांची, जाड सालीची, बियांची द्राक्षं. छाटणीचं गणित मात्र दोन्हीकडं तेच: एप्रिलात फांद्या वाढवायची खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ धरायची गोडी छाटणी, उन्हाळ्याच्या तोंडावर तोडा. हे ऐकल्यावर तो माझ्या बाजूला आला.

आता खरी गोष्ट. त्याच रविवारी दुसऱ्या वाढणीला मी रस्सा बाजूला ठेवला आणि सुकं घेतलं, चरबीचे तुकडे असलेलं, भाजलेल्या खोबऱ्याचं, मसाला अंगाला धरलेला. एक घास, मग घोट. तुरटपणा जिभेला सोडून मटणाची प्रथिनं धरतो, चरबी तोंड मऊ करते आणि मघाशी टोचणारी तीच वाईन गोल लागते. वर शिराझला काळ्या मिरीची झाक. त्या वासाचं द्रव्य, रोटंडोन, मिरीत असतं आणि शिराझच्या सालीतही. मसाल्यात मिरी भरडून घातली की दोन्ही वास एकमेकांना ओळखतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही, त्या घासाला मला कळलं आणि मी गप्प बसून खाल्लं.

मास्तर पांढऱ्या रश्शासाठी अडून बसले. नारळाचं दूध, खसखस, तीळ, तिखट कमी, मग का नको? मला ते पटत नाही. पांढरा रस्सा गरम, पातळ, प्यायचाच पदार्थ. तो आधी नुसता ओरपावा. मिसळीवर तर रेड नकोच, थोडी गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाईन गार करून घ्यावी, गोडव्यानं तिखट आवरतं.

आणखी एक. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. एप्रिलातल्या गच्चीवर ती कढत लागते. दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवली की १६-१८ अंशांच्या आसपास येते आणि अल्कोहोल नाकात चढत नाही. रविवारी मी हे केलं नव्हतं. ती चूक माझीच.

पैलवानानं शेवटी एवढं कबूल केलं, "येत्या रविवारी सुकं मी करतो, चरबी बघून मटण आणतो. पण रस्सा ताटात असणारच." असू दे. फक्त वाईन संपल्यावर वाढायचा, एवढी अट मी घातली आहे. त्यावर तो अजून हो म्हणालेला नाही.