आधी पोलिसांना फोन, मग तुमची समिती

एखाद्या धार्मिक संस्थेत लहान मूल कुणाला तरी विश्वासानं सांगतं, की अमुक माणसानं माझ्याशी असं असं केलं. पुढे काय होतं? ऐकणारा वरिष्ठांना सांगतो, वरिष्ठ विश्वस्तांना, विश्वस्त वकिलाला. पोलिसांचा नंबर लागतो सगळ्यात शेवटी, आणि कित्येकदा लागतच नाही. मी देवधर्म मानणारी बाई आहे. तेव्हा हे कुणीतरी धर्मद्वेषानं लिहिलंय म्हणून बाजूला सारू नका, एवढी विनंती.

ब्रिटनमधलं जॉन स्माइथ प्रकरण जरूर वाचा. हा नामांकित वकील. ख्रिस्ती मुलांच्या शिबिरांच्या कारभारात मोठं नाव. पापाचं प्रायश्चित्त म्हणून तो पोरांना घरामागच्या शेडमध्ये नेऊन रक्त येईपर्यंत छड्या मारायचा. १९८२ साली एका धर्मगुरूनं चौकशी करून अहवाल लिहिला. कुणाला किती मारलं, कसं मारलं, सगळं त्यात होतं. तो मोजक्या मंडळींत फिरला, पोलिसांकडे मात्र गेला नाही. बाहेर कळलं तर देवाच्या कामाला बट्टा लागेल, ही भीती. दोन वर्षांनी स्माइथ झिंबाब्वेला गेला. तिथे पुन्हा मुलांची शिबिरं, पुन्हा तोच छळ. २०१८ मध्ये तो मेला, कसलीही शिक्षा न भोगता. या प्रकरणाच्या स्वतंत्र चौकशीनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा दिला. त्यांना २०१३ मध्येच कळलं होतं, आणि पोलिसांना कळवलंय असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वरच्या माणसानंही स्वतः खात्री करून घेतली नाही.

मला अस्वस्थ करतं ते १९८२ चं ते कागदपत्र. लिहिणाऱ्यानं ते मन लावून लिहिलं होतं. आणि इथेच गोम आहे. आपण चौकशी केली, त्या माणसाला दूर केलं, म्हणजे आपलं कर्तव्य झालं, असं सगळ्यांना वाटलं. अंतर्गत चौकशी सत्य दडपते हे तर खरंच, पण ती चांगल्या माणसांची टोचणीही शांत करते. मला हे जास्त घातक वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं, २०१५ मध्ये यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या नोंदी तपासल्या. १९५० पासून १,००६ जणांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाल्याचं त्यांच्याच फायलींत होतं. संस्थेनं यातल्या एकाचीही माहिती पोलिसांना दिली नव्हती. आरोपीनं कबुली दिली नाही तर दोन साक्षीदार हवेत, असा यांचा नियम. अहो, असलं कृत्य कुणी साक्षीदार बसवून करतं का?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ग्रँड ज्युरीनं, म्हणजे गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, कॅथलिक चर्चवर दिलेला २०१८ चा अहवालही याच वळणाचा. आरोप तीनशेहून अधिक पाद्र्यांवर, बळी हजाराहून अधिक मुलं. पाद्र्याला हलवायचं तर लोकांना आजारपणाची रजा सांगायची, नाहीतर काहीच न सांगता दुसऱ्या गावी बदली करायची. बहुतेक गुन्हे इतके जुने झाले होते, की खटला भरणंच शक्य राहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत कुणाचं तरी मूल चिरडलं गेलेलं असतं.

संस्थेच्या अंतर्गत चौकशी समितीपुढे बसलेल्या मुलाकडे जरा बघा. समोर चार-पाच मोठी माणसं, ज्यांच्या पाया पडायला त्याला शिकवलंय. ती विचारतात, "नक्की का? तुझा गैरसमज तर नाही ना झाला?" मूल गडबडतं. पुढच्या खेपेला थोडं वेगळं सांगतं. पुढे कोर्टात बचावाचा वकील नेमकी हीच तफावत पुढे करतो. आरोपीला तोवर कुणकुण लागलेली असते, फोनमधलं सगळं पुसून झालेलं असतं. मुलाशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण घेतलेले लोक असतात, ते काम त्यांचं. संस्थेला खरं-खोटं ठरवायला कुणी सांगितलेलंच नाही.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा भारतातला २०१२ चा पॉक्सो कायदा यात स्वच्छ आहे. असा गुन्हा घडल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं बंधनकारक. नुसतं ऐकून गप्प बसणाऱ्यालाही शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूनं दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही. तेव्हा "खोटं निघालं तर?" हा प्रश्न संस्थेनं पुढे करू नये. उलट आरोप खोटा असेल तर बाहेरच्या तपासातून सुटलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवतात. समितीनं दिलेल्या क्लीन चिटवर कोण ठेवणार?

कॅथलिक चर्चनं २०१९ मध्ये पाद्री आणि नन यांना असे प्रकार चर्चच्या आत कळवणं सक्तीचं केलं. पोलिसांकडे जाणं मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. मला हे अर्धवट वाटतं.

पापकबुलीच्या गुप्ततेचा, म्हणजे पाद्र्यापुढे दिलेली पापाची कबुली त्यानं कुणालाही सांगायची नाही या नियमाचा मुद्दा अवघड आहे, मी तो उडवून लावणार नाही. ती पोलिसांना सांगायची सक्ती केली तर कबुली द्यायला कुणी येणारच नाही, मूलही बोलणार नाही, असं पाद्री म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१९ मध्ये तरीही पाद्र्यांना असलेली ही गुप्ततेची सवलत मुलांच्या छळाच्या बाबतीत काढून टाकली. माझं मत त्या कायद्याच्या बाजूनं आहे. कबुली देऊन हलका झालेला माणूस पुन्हा त्याच मुलांमध्ये जाणार असेल, तर त्या गुप्ततेची किंमत भरतं कोण?

कुटुंबालाच वाच्यता नको असते, हेही खरं. आईबाप हात जोडतात, पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे म्हणतात. त्यांची भीती समजते. पण ती शमवायची तर त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जा, वकील मिळवून द्या, मुलाचं नाव फुटणार नाही हे बघा. त्यांच्या गप्प बसण्याचा आडोसा संस्थेनं घेऊ नये.

मुलांना कुठल्याही धार्मिक शिबिराला, वर्गाला किंवा वसतिगृहात पाठवण्याआधी चालकांना सरळ विचारा: तक्रार आली तर पोलिसांना कोण कळवणार, किती तासांत, आणि हे लेखी कुठे आहे? "आधी आमची समिती बघते" असं उत्तर आलं, तर मुलाला घरी ठेवा आणि बाकीच्या पालकांनाही सांगा.