‘दोन वायरींचं एवढं पुराण कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. वयानं मोठा असल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो.

जुन्या बुलेटचा इग्निशन स्विच बदलण्यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही चांगलंच झोडपलंय. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. दोन वायरींच्या कामाचं मी पुराण लावलं. देवगडातला कुठलाही मेकॅनिक तेच काम चहा संपायच्या आत ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे स्विच वगळून वायरी थेट जोडतो. जुन्या गाडीला फ्यूज लावून मी तिचं मूळपण घालवलं. झाळ न देता वायरीच्या टोकावर थिंबल (जोडणीचं धातूचं टोक) दाबायला सांगणं म्हणजे नवशिक्यांचा कारभार. आणि जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय, की तुमची स्वतःची सहा व्होल्टची बुलेट पावसाळ्यानंतर किकला दाद देत नाही, ढकलून मात्र सुरू होते, ‘पण स्विच ठीक आहे, बल्ब लावून बघितलाय.’

बाकी सगळं राहू दे, हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं.

टेस्टिंगचा बल्ब लागला म्हणजे स्विचमधून करंट जातोय एवढंच कळतं. किती जातोय ते कळत नाही. तीन वॅटचा छोटा बल्ब सहा व्होल्टला अर्धा अँपिअर घेतो. बुलेटच्या कॉइलचं, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचं, प्रायमरी (बॅटरीकडचं) वाइंडिंग साधारण दीड-दोन ओहमचं असतं, म्हणजे पॉइंट (इंजिनबरोबर उघडमीट होऊन कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना ती तीन ते चार अँपिअर ओढते. समजा स्विचच्या आत कळंक धरून ०.३ ओहमचा अडथळा तयार झालाय. बल्बच्या वाटेत तो ०.१५ व्होल्ट खाईल, आणि बल्ब झकास पेटेल. कॉइलच्या वाटेत तोच अडथळा एक व्होल्ट खाईल. सहातला एक गेला, उरले पाच. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ठिणगीची तीस टक्के ताकद तिथंच संपली. त्यात पावसाळाभर पडवीत उभी राहून अर्धी झालेली बॅटरी. किक मारताना इंजिन फिरणार ते हळूच. गाडी ढकलली की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) जोरात फिरतो, व्होल्टेज वर येतं, आणि ती सुरू होते. तुम्ही सांगितलेली लक्षणं नेमकी हीच आहेत.

बारा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, आणि वाया गेलेलं व्होल्टेज दुप्पट मोठ्या आकड्यातून वजा होतं. त्यामुळे तोच अडथळा टक्केवारीत चौपट कमी टोचतो. पुण्याच्या कोरड्या हवेतल्या बारा व्होल्टवाल्याला माझं लिखाण पुराण वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण देवगड, मालवण, वेंगुर्ल्याची गाडी खारं वारं खाऊन उभी असते. मिठाचा अंश ओलावा धरून ठेवतो, पितळेवर हिरवा थर चढतो. म्हणून आपल्याकडे स्विच सहसा एकदम मरत नाही. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा मरत जातो, आणि दोष कॉइलवर, पॉइंटवर, कार्बुरेटरवर जातो.

एकदा उतरवलेला स्विच उघडून बघा. वरून क्रोम चकाकत असतो. आत फिरणाऱ्या पितळी चकतीवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, आणि त्याच्या कडेनं काळी रेघ. पण खरी गंमत मागच्या बाजूला असते. टर्मिनलच्या पट्ट्या बेकेलाइटच्या तबकडीला रिव्हेटनं ठोकलेल्या असतात. नखानं हलवली तर एखादी पट्टी किंचित डुलते. त्या रिव्हेटच्या टोपीखाली हिरवी भुकटी सापडेल. एवढ्याशा डुलण्यात तुमचा एक व्होल्ट हरवलेला असतो. समोरचा काँटॅक्ट पॉलिश पेपरनं घासून काही होत नाही, कारण आजार तिथं नाहीच.

आता ‘डायरेक्ट’चं. दोन वायरी पिळून सीटखाली टॉगल बसवला की गाडी चालते हे खरंय. पण तो टॉगल चालू राहिला आणि इंजिन पॉइंट मिटलेल्या जागी थांबलं, तर करंट कॉइलमधून वाहतच राहतो. बॅटरी बसते, कॉइल तापते, कधी आतून वितळते. शिवाय लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये स्विचला तिसरं स्थान असतं, ईएमजी, म्हणजे इमर्जन्सी. बॅटरी पार बसलेली असताना अल्टरनेटरचा करंट थेट कॉइलकडे वळवून गाडी सुरू करायची सोय. गाडी सुरू झाली की चावी परत नेहमीच्या जागी आणायची. नाही आणली तर बॅटरी भरत आली की इंजिन ठिणगी चुकवायला लागतं, म्हणजे चालकाला आठवण करून द्यायची सोयही त्यातच. दोन वायरींच्या डायरेक्टमध्ये हे सगळं जातं. मूळपणाचा एवढा अभिमान असेल तर आधी ईएमजी सांभाळा, फ्यूजचं मग बघू.

बाजारातल्या ‘कुठल्याही गाडीला चालेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चार टर्मिनलच्या स्विचबद्दल तुम्ही लिहिलंय की सगळे सारखेच. इथं मात्र मी अजिबात ऐकणार नाही. कॉइल-बॅटरीच्या गाडीत चावी चालू केली की स्विच बॅटरी कॉइलला जोडतो. फ्लायव्हील मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, गाडीत उलटं असतं. तिथं चावी बंद केली की स्विच मॅग्नेटोची वायर अर्थला टेकवतो, म्हणून इंजिन बंद पडतं. मॅग्नेटोसाठीच्या स्विचमध्ये ‘बंद’ स्थितीत दोन टर्मिनल आतून जोडलेले असतात. त्या दोघांवर तुम्ही चुकून बॅटरी आणि अर्थ लावलीत, तर चावी काढून तुम्ही जेवायला बसाल आणि बाहेर वायरिंग धूर सोडत असेल, तेही पेट्रोलच्या टाकीला लागून. म्हणून नवा स्विच गाडीला लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या जागी) ठेवून चावीच्या प्रत्येक स्थितीत कोण कोणाशी जोडलं जातं ते कागदावर लिहायचं. तुम्ही ज्याला पोरखेळ म्हणालात तो हाच कागद.

वायरींच्या रंगांवर विसंबता येत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. मद्रासला १९५५ पासून बुलेट जुळू लागल्या, आणि जुन्या गाड्यांवरून तेव्हापासून किती हात फिरलेत ते देवच जाणे. कारखान्याचा नकाशा हातात धरून तपकिरी वायर शोधणारा माणूस संध्याकाळपर्यंत शोधतच बसेल. रंग विसरायचे, काम विचारायचं: अँमीटरकडून कायम करंट घेऊन येणारी कुठली, कॉइलकडे जाणारी कुठली, अल्टरनेटरकडून ईएमजीसाठी आलेली कुठली. काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टीची चिठ्ठी. आणि त्याही आधी बॅटरीची अर्थची वायर सोडवायची. जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थही सापडतं, तेव्हा काळी वायर म्हणजे अर्थ असं धरून चालू नका. बॉडीला कुठलं टोक बोल्ट केलंय ते डोळ्यांनी बघा.

फ्यूज त्या दुसऱ्या, अर्थ नसलेल्या टोकाला, बॅटरीच्या जवळ. पंधरा अँपिअर पुरतो: ३५ वॅटचा हेडलाइट सहा अँपिअर, कॉइल चार, वर हॉर्न. सीटखाली तो कुणाला दिसत नाही. ज्या गाडीत बॅटरीपासून हेडलाइटच्या कॅस्केटपर्यंत (हेडलाइट बसवलेल्या धातूच्या घरापर्यंत) सगळी वायर उघडी, बिनफ्यूजची जाते, तिथं मूळपणासाठी तसंच ठेवा असं मला म्हणवत नाही. तुम्ही म्हणा.

झाळेबद्दल तुमचा राग समजतो, पूर्वी चांगलं काम म्हणजे झाळच. पण एका सिलिंडरची बुलेट थरथरते, आणि झाळ वायरीत जिथवर शोषली जाते तिथवर वायर कडक होते. मग त्या कडेलाच ती तुटते. वरून स्लीव्ह असल्यामुळे तुटलेली दिसतही नाही. योग्य मापाचं थिंबल, चांगल्या पक्कडीनं दाबलेलं, वर स्लीव्ह, टर्मिनलवर व्हॅसलीनचा हात. झाळ द्यायचीच असेल तर वायर पुढे दोन बोटांवर क्लिपनं बांधा, म्हणजे वाकणं तिथं होणार नाही.

वायर मात्र जाड घ्या. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर तीन मीटर गेली की जवळजवळ ०.१ ओहम, म्हणजे नवा स्विच लावूनही जुन्याच्या एक तृतीयांश नुकसान परत पदरात. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ते पाचपट कमी होतं. मिरकरवाड्यासारख्या बंदरात ट्रॉलरचं वायरिंग करणारे कल्हईची तांब्याची वायर वापरतात. मिळाली तर तीच आणा. साधी तांब्याची वायर आपल्याकडे इन्सुलेशनच्या आत वीतभर काळी पडलेली सापडते.

आणि हो, चावीच्या भोकात खोबरेल सोडू नका. आपल्याकडे बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला खोबरेल लागतं, पण थंडीत ते थिजतं आणि एरवी धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

आता तुमच्या गाडीचं. लाइट बंद ठेवून चावी चालू करा आणि किक हातानं सावकाश दाबा. पॉइंट मिटले की अँमीटरची सुई डिस्चार्जकडे जायला हवी, उघडले की शून्यावर. ती डिस्चार्जकडे गेलेली असताना थांबा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून एक टोक स्विचच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला, दुसरं कॉइलकडच्या टर्मिनलला. पॉइंट उघडे असताना मोजलंत तर शून्यच दिसेल आणि तुम्ही पुन्हा मला शिव्या द्याल. ०.१ च्या आत आलं तर तुमचं खरं, स्विच ठीक आहे. मग हीच मोजणी बॅटरीच्या अर्थच्या बोल्टवर करा, बॅटरीचं टोक ते इंजिनचं केसिंग. स्विचवरच अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर मात्र स्विच बदला. ईएमजी असलेला कोल्हापूरला जुन्या स्पेअरवाल्यांकडे विचारून बघा. जाताना जुना स्विच खिशात ठेवा, कारण भोकाचं माप आणि मागची खोली दोन्ही जुळावी लागतात. आकडा काय येतो तेवढा इथंच खाली लिहा.