पोट भरलेल्यांचे चोचले?

बारावीचा निकाल लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. ‘पोरगी बीए इतिहास करायचं म्हणतेय. त्याला स्कोप काय?’ मी कॉलेजात शिकवतो, म्हणून हा प्रश्न मला. त्यात चूक काही नाही. कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाने पगाराचं विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? मला पटत नाही ते आमच्यातल्या शहाण्यांचं म्हणणं: नोकरीपलीकडचं शिक्षण म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, गरिबाच्या मुलाला एखादं कौशल्य द्या आणि कामाला लावा.

यांनी मिलिंद महाविद्यालय आठवून बघावं. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली ते औरंगाबादेत काढलं, तेव्हा निजामाची राजवट जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. नाव कुणाचं दिलं, तर भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. परिसर नागसेनवन. खेड्यापाड्यांतून, दलित वस्त्यांतून आलेली मुलं तिथं शिकली. त्यांना नोकरीची निकड कुणापेक्षा कमी होती का? नोकऱ्या लागल्याच. पण त्याच आवारात म. ना. वानखेडे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे शिकवत होते, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस तिथूनच ‘अस्मिता’ हे दलित साहित्याचं नियतकालिक निघालं, जे पुढे ‘अस्मितादर्श’ झालं. ज्यांना लिहायची मुभाच नव्हती, त्यांनी मराठी साहित्याला नवी भाषा दिली. प्लेसमेंटच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात भरणार?

आजची अभ्यासिका बघा. सकाळी सातलाच भरलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात घरून आणलेली एमपीएससीची पुस्तकं, पाण्याची बाटली, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स. शेजारच्या कपाटातलं पुस्तक काढायला कुणी उठत नाही. पोरांना कशाला बोल लावायचा? ‘सर, इम्पॉर्टंट तेवढं सांगा’ ही सवय आम्हीच लावली. (गाइडं लिहिणारेही आमच्यातलेच.)

आणि शिकवणारा? तो तासिका तत्त्वावर. तास संपला की एसटी स्टँड गाठायचा, पुढच्या गावच्या कॉलेजात दुसरा तास. पैसे तासाचे मिळतात. तासानंतर दाराशी घुटमळणाऱ्या, काहीतरी विचारायचं असलेल्या पोराशी बोलण्याचे नाहीत. रिक्त जागा वर्षानुवर्षं तशाच, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र चार वर्षांची पदवी आणि समग्र शिक्षण. ते देणार कोण, एवढं तरी सांगा.