फिल्टर काढण्याआधी डब्यावरचं अक्षर वाचा

कोल्हापुरात सुपर ८ वर, म्हणजे आठ मिलिमीटरच्या छोट्या सिनेफिल्मवर, चित्रण करणाऱ्या आमच्या मित्रमंडळींत सध्या एक निरोप फिरतोय: "आता सगळं स्कॅनच होतं, रंग कॉम्प्युटरवर नीट होतात. ८५ नंबरचा फिल्टर उगीच उजेड खातो. फिल्म कुठलीही असो, काढून टाका." ८५ म्हणजे उन्हाचा निळेपणा कमी करणारा कॅमेऱ्यातला नारिंगी फिल्टर. नवीन मुलं या निरोपावर विसंबून महागाची रिळं वाया घालवताहेत, म्हणून लिहितोय.

"रंग नंतर नीट होतात." २००टी, ५००टी या फिल्म (टी म्हणजे टंगस्टन) ३२०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेल्या. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन. फिल्टर नसेल तर उन्हात फिल्मचा निळा रंग टिपणारा थर भरून वाहतो आणि लाल थर उपाशी राहतो. एका मित्राने तालमीत खिडकीच्या उजेडात अशीच कुस्ती टिपली. स्कॅनमधला निळेपणा काढल्यावर हौद्यातली माती लाल झाली खरी, पण पैलवानाच्या मांडीखालच्या सावलीत नुसते फिल्मचे दाणे वळवळत होते. फिल्मवर जे उमटलंच नाही, ते कॉम्प्युटर आणणार कुठून? त्यात सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ५.८ बाय ४ मिलिमीटर. मोठ्या फिल्मवर खपून जाणारा दाणा इथे पडदाभर दिसतो.

"उजेड खातो." खातो, दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पण फिल्टरशिवाय लाल थर सावरायचा तर निगेटिव्हला साधारण तेवढाच उजेड जादा द्यावा लागतो. मग वाचलं काय? शिवाय भर दुपारी रंकाळ्यावर, १८ फ्रेमच्या वेगाला, १/४० सेकंदाच्या शटरवर २०० ची फिल्म लेन्सचं छिद्र एफ १६ इतकं बारीक केलं तरी दोन स्टॉप जास्त उजेड घेते. तिथे कमी झालेला बराच. कातरवेळी मात्र खुशाल काढा. मावळतीचं ऊन तसंही तांबूस असतं.

"फिल्म कुठलीही असो." ५०डी, २५०डी, एक्टाक्रोम १००डी या उन्हाच्याच फिल्म (डी म्हणजे डेलाइट). त्यांना ८५ नकोच, नाहीतर सगळं नारिंगी. अशा वेळी भर उन्हातही कॅमेऱ्याचं बटण बल्बच्या चिन्हावर ठेवायचं, कारण बल्ब म्हणजे फिल्टर बाहेर. इथे बरेच जण फसतात.

एक गोष्ट मान्य: जुन्या कॅमेऱ्यातला फिल्टर आपल्याकडच्या पावसाळ्यांत बुरशीने धुरकट झालेला असू शकतो. तसा असेल तर तो बाहेर ठेवा आणि लेन्सच्या पुढे चांगला ८५ लावा. मीटर लेन्समधून उजेड मोजत असेल तर हिशोब तोच करतो. मीटरचा डोळा बाहेर असेल तर दोन-तृतीयांश स्टॉप हाताने उघडा.