गाडी विकलीत, मग आरसीवर अजून तुमचंच नाव का?

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. निवृत्त शिक्षक, कुणाचा रुपया कधी बुडवला नाही. गाडी त्यांनी केव्हाच विकली, पण आरसीवर नाव अजून त्यांचंच. घेणारा ओळखीतला. "काका, आठवड्यात नावावर करून घेतो," म्हणाला, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या आणि गेला तो गेलाच. पुढे गाडी परस्पर तिसऱ्याला विकली. विमा संपलेला. आता त्या गाडीने एका पोराचा पाय मोडला.

आणि वर आपलीच माणसं काकांना सांगतायत, "बॉण्डवर लिहून घेतलंय ना, नोटरी आहे ना, मग कशाला घाबरता?" अरे, काय चाटायचाय तो बॉण्ड! मोटार वाहन कायद्यात मालक कोण, तर ज्याच्या नावावर नोंदणी तो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. ती गाडीही एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती, तरी भरपाई नोंदणी असलेल्या मालकावरच आली. जखमी माणसाने गाडी कुणी कुणाला विकली ते हुडकत का बसावं?

हे मला पटतं. त्या पोराची काय चूक? काकाही नोटीस वाचून आधी तेच विचारत होते, "चालायला लागेल ना रे तो?" मला तर बोलवेना.

मग राग कुणावर काढायचा? त्या घेणाऱ्यावर! कलम ५० म्हणतं, विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, गाडी परराज्यात गेली तर ४५. घेणाऱ्याने ३० दिवसांत. हो, काकांनीही कळवायला हवं होतं. आरटीओत हेलपाटे पडतात, एजंटशिवाय पान हलत नाही, हेही मान्य. पण म्हणून दुसऱ्याच्या नावावर बिनधास्त गाडी उडवायची?

आणि "कागद नंतर देतो, म्हणून स्वस्त" असली गाडी घेणाऱ्यांनो, ती चोरीची निघाली तर पोलीस तुमच्या दारात येतील. आरसीवर बँकेचा एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, असेल तर बँकेच्या एनओसीशिवाय ती नावावर होणारच नाही, आणि हप्ते थकले की बँक गाडी उचलून नेणार. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेमही नाकारतील. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर होऊ द्या, मगच पैसे मोजा. सही करणारा पोरगा एकटाच वारस आहे का, तेही विचारा.

संध्याकाळी काकांना घेऊन वकिलांकडे जातोय. अपघात दाव्यांची कामं करणारं कुणी ओळखीचं असेल तर इनबॉक्समध्ये नंबर टाका. आणि विकलेल्या गाडीचा नंबर आजच एमपरिवहन ॲपवर टाकून मालकाच्या नावाची आद्याक्षरं कुणाची दिसतात ते बघा.